मास्तरांच्या बरगड्यांखालून

अंहं, तिथे नाही. डावीकडे हात ठेवून ऐकू नका, तिथे हृदय बसलंय, आणि त्याला दुसऱ्या कुणाला बोलू देण्याची सवय नाही. जरा खाली या. बरगड्या संपतात आणि पोट सुरू होतं, त्या हद्दीवर. हां, इथे. मी बोलतोय, श्वासपटल.

शाळेच्या पुस्तकात तुम्ही मला पाहिलं असेल. फुप्फुसांखाली एक वाकडी रेघ, रेघेला बाण, बाणाला नाव. परीक्षेपुरतं ते नाव पाठ करायचं आणि मग जन्मभर विसरायचं, अशी माझ्याबाबतीत पद्धत आहे. पण मी रेघ नाही. मी मांसाचा पातळ, घुमटासारखा पडदा आहे. कडेने खालच्या बरगड्यांना, पुढे छातीच्या हाडाच्या टोकाला आणि मागे कण्याला पक्का जोडलेला. मी आखडलो की खाली सपाट होतो, छातीत जागा होते आणि हवा आत येते. मी सैल सुटलो की घुमट वर जातो आणि हवा बाहेर पडते. एवढंच माझं काम. सुट्टी मात्र नाही.

आमच्या शेजारपाजाऱ्यांची ओळख करून दिली पाहिजे, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही. बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात थेट छातीच्या हाडाला जोडलेल्या, त्यामुळे स्वतःला खानदानी समजतात. त्यांच्या खालच्या तीन वरच्यांचा पदर धरून आलेल्या, म्हणजे वशिल्याच्या. शेवटच्या दोन पुढून कुणालाच न जोडलेल्या, अधांतरी. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

या बरगड्यांमधल्या फटींत स्नायूंचे थर आहेत. बाहेरच्या थराचे धागे तिरके, खिशात हात घालताना बोटं जातात तसे पुढे आणि खाली जाणारे. आतल्या थराचे बरोबर उलटे. बाहेरचा बरगड्या वर उचलतो, आतला जोराने श्वास सोडताना खाली खेचतो. एका घरात राहून दोघांची तोंडं दोन दिशांना, पण संसार सुरळीत चाललाय. अशी घरं तुम्हीही पाहिली असतील.

आणि या सगळ्यांच्या वर, अगदी दर्शनी भागात, पंख्यासारखा पसरलेला तो मोठा स्नायू. लोक ज्याला 'छाती' म्हणतात तो. शांतपणे श्वास चालू असताना हा काडीचं काम करत नाही. त्याचं काम दंड ओढून पुढे आणायचं, म्हणजे ढकलायचं, कवटाळायचं, मिठी मारायची. पण कोट बसतो त्याच्यावर, फोटोत दिसतो तो, आणि माणूस छाती ठोकून काही सांगतो तेव्हा ठोकला जातो तोच. राबायचं आम्ही आणि मिरवायचं त्याने. मला त्याचा राग येतो, हे मी लपवत नाही. पुढे जे झालं त्याला असलाच एक स्नायू कारणीभूत होता.

माझी सुरुवात फार आधीची. जन्माच्याही आधी, पोटातल्या अंधारात, मी उचक्या देऊन सराव करत असे. मास्तरांच्या आईला वाटायचं, बाळ लाथा मारतंय. ती कौतुकाने सगळ्यांना सांगायची, "पोरगं मोठं खेळाडू निघणार!" खेळाडू कसला, ती माझी तालीम होती. पोरगं पुढे शिंपी निघालं.

हो, मी ज्यांच्या अंगात राहतो ते शिंपी आहेत. पुरुषांचे कोट शिवतात. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आणि म्हणून त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. दुकान पुढे, घर मागे. मधे एक पडदा. पडद्याची किंमत त्या घरात कुणाला नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शिंप्याच्या पोटी जन्म घेऊ नये असं म्हणत नाही, पण शिंप्याच्या पोटावर राहणं सोपं नाही. मशीनवर वाकून बसले की माझ्याखाली जठर आणि यकृत असे काही दाटतात की मला खाली सरकायला जागाच उरत नाही. आणि कापड कापताना मास्तर श्वास रोखतात. खडूच्या रेघेवर मोठी कात्री ठेवली की ती बाही संपेपर्यंत मी ताटकळत उभा. बाही संपली की मोठ्ठा सुस्कारा. मास्तरांना वाटतं काम संपल्याचं समाधान वाटलं. समाधान कसलं, जीव मेटाकुटीला आलेला असतो माझा.

ती मोठी कात्री म्हणजे मास्तरांचं दैवत. काळ्या मुठीची, जडशीळ. भिंतीवर तिचा स्वतंत्र खिळा. तिने कापड सोडून काही कापायचं नाही. कागद तर नाहीच नाही. आणि मास्तरांखेरीज तिला कुणी हात लावायचा नाही. हात बदलला की धार बिघडते, असं त्यांचं मत. मास्तरीणबाईंनी लग्नानंतर एकदा विचारलं होतं, "मी कापू का हो एखादा कोट? मला जमेल." मास्तर म्हणाले, "तू काज-बटणं कर. काज-बटणं फार छान करतेस." तेव्हापासून त्या काज-बटणं करत होत्या, आणि धागे तोडायला त्यांच्याकडे एक छोटी कात्री होती, खेळण्यातली वाटावी अशी.

बरं, हे लग्नसुद्धा माझ्यामुळे जमलं. मास्तरीणबाई तेव्हा शिवण शिकायला दुकानात यायच्या. मास्तरांना त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि महिनोन् महिने तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेवटी एका दुपारी धीर करून म्हणाले, "मला तुला—" आणि मी दिली उचकी. परत "मला तुला—" परत उचकी. पाचसहा वेळा असं झाल्यावर मास्तरीणबाईंनी हसत पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "कळलं. माझंही तेच आहे." हृदय आजही सांगतं की ते त्याने जमवलं. सांगू दे.

मास्तरांची एक खुबी मात्र मी मानतो. छातीभोवती टेप गेली की भलाभला माणूस फुगतो. पोट आत, छाती बाहेर. त्या मापाचा कोट शिवला तर घरी जाऊन माणसाने श्वास सोडला की कोट लोंबतो. म्हणून मास्तर माप घेताना गिऱ्हाइकाला बोलतं करतात. "प्रत्येकाचं एक काहीतरी असतं," ते मास्तरीणबाईंना सांगायचे, "ते विचारायचं. हवा आपोआप निघते. मग टेप ओढायची." टपालवाल्याला गुडघा विचारायचा. शाळेतल्या सरांना नव्या मुख्याध्यापकांबद्दल विचारायचं. सरांची छाती लगेच बसते.

आता आलं ते संकट. व्यायामशाळेचे एक शिक्षक आहेत. खरं नाव त्यांचं त्यांना माहीत, सगळे त्यांना डोंगर म्हणतात. त्यांना भाषणासाठी कोट हवा होता. छातीवरचे ते दोन पंखे असे वाढवलेले की तयार कोटाची बटणं लागेनात. टेप लावली तर डोंगर फुगून पर्वत झाले. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "सासूबाई कशा आहेत? अजून तुमच्याकडेच का?" डोंगरांच्या अंगातून जी हवा गेली, तिने टेबलावरचे खडूचे तुकडे हलले. माप मिळालं.

कोट झाला. डोंगरांनी घालून पाहिला, आरशासमोर वळून पाहिलं.

"मास्तर, हात वर केला तरी ओढत नाही!"

"ओढणार कसा? बगलेत जागा ठेवलीय."

"हात पुढे घेतले तरी पाठीत ताण नाही!"

"अहो, घट्ट मिठी मारलीत कुणाला तरी शिवण उसवायची नाही," मास्तर म्हणाले. छाती ठोकून म्हणाले.

डोंगर मोकळ्या मनाचे. त्यांनी कुणाला शोधत बसण्याऐवजी मास्तरांनाच मिठी मारली. मी आतून पाहत होतो. त्या दोन पंख्यांनी दोन दंड असे काही ओढून आणले की सगळ्या बरगड्या एका सुरात ओरडल्या. मग डावीकडून 'कट्' असा आवाज आला.

सगळे आधी कोटाकडे बघायला लागले. शिवण जागच्या जागी होती. मोडली होती ती मास्तरांची डावीकडची सातवी बरगडी, खानदानी मंडळींपैकी शेवटची. आणि खरं सांगतो, त्या वेदनेतही मास्तरांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "बघ," ते बायकोला कण्हत म्हणाले, "शिवण नाही उसवली!"

डॉक्टरांनी फोटो काढला. "चीर गेलीय. हाड जागेवर आहे. आपोआप भरून येईल. दुखण्याच्या गोळ्या घ्या आणि मुख्य म्हणजे खोल श्वास घेत राहा. दुखतं म्हणून वरच्यावर श्वास घेतलात तर छातीत कफ साठेल."

मास्तरांना हे पटलं नाही. घरी येताना रस्ताभर कुरकुर. "आपोआप म्हणजे काय? उसवलेलं कधी आपोआप शिवलं गेलंय का? ढिलं झालं की आवळायचं, हे शेंबडं पोरही सांगेल."

आणि मग माझ्या मालकांनी ती चूक केली, जी शिंप्याशिवाय कुणी करू शकला नसता. त्यांनी स्वतःच्या छातीला पट्टा शिवला. साधासुधा नाही हो! बाहेरून जाड कॅनव्हास, आत बुकरम, म्हणजे कॉलर ताठ राहायला घालतात ते कडक कापड. बगलेत गोलाई, खाली निमुळता, सुरकुती औषधालाही नाही. हूक टोचायला लागले म्हणून मास्तरीणबाईंना सांगितलं, "हूक नकोत. अंगावरच शिवून टाक. आणि शिवताना आवळ." त्या म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?" हे म्हणाले, "डॉक्टरांना फिटिंगमधलं काय कळतं?" शेवटी त्यांनी दुहेरी दोऱ्याने शिवून दिला. भांडून नवऱ्याच्या बरगड्या अजून दुखवाव्यात असं त्यांना वाटेना.

फिटिंग अप्रतिम होतं. फक्त आत एक माणूस होता आणि त्याला श्वास घ्यायचा होता.

बरगड्या वर उचलल्या जाईनात. मी खाली उतरू पाहिलं तर पोट पट्ट्याखाली दाबलेलं. मी कुठे जाऊ? बोटभर खाली, बोटभर वर, एवढीच माझी दुनिया. फुप्फुसांच्या वरच्या मजल्यावर हवा खेळायची. तळमजल्यावर कुणी फिरकेना. तिथे कफ येऊन बसला आणि पाहुण्यासारखा पाय पसरायला लागला. मी तक्रार केली. पण माझी नस येते मानेतून, आणि खांद्याची जाणही तिथूनच जाते. त्यामुळे कळ गेली खांद्यात. मास्तरांनी खांद्याला मलम चोळलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

मग ताप चढला. बोलताना वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. खोकला यायचा, पण खोकायचं तर आधी पोटभर हवा आत घ्यावी लागते, ती कुठून आणायची? नुसतंच खुर्रखुर्र. मास्तर खुर्चीत बसून राहायचे, डोळे मिटून, ओठ सुकलेले. मला पहिल्यांदा भीती वाटली. इतकी वर्षं मी कुरकुर केली, पण थांबायचा विचार कधी मनात आला नव्हता.

मास्तरीणबाईंनी भाचीला बोलावलं. मास्तरांच्या बहिणीची मुलगी. लोकांकडून श्वासाचे आणि सांध्यांचे व्यायाम करून घेणं हेच तिचं काम. तिने पाठीला नळी लावून ऐकलं, मग खाली लावून ऐकलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा, खालच्या भागात हवा पोचतच नाहीये. हे काय घातलंय तुम्ही?"

"पट्टा. स्वतः शिवलाय. फिटिंग बघ."

"काढा."

"अजिबात नाही. काढला तर हाड सरकेल."

"मामा, हाड जागेवर आहे. फुप्फुस बसायला लागलंय." मग मास्तरीणबाईंकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "मामी, आज खोल श्वास घेऊन खोकले नाहीत, तर उद्या दवाखान्यात भरती करावं लागेल. या वयात छाती भरली की मग काही सांगता येत नाही."

मास्तरीणबाई पदराने हात पुसत उभ्या राहिल्या.

भाचीने पिशवीतून एक खेळणं काढलं. प्लास्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत गोळी, आणि एक नळी. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची. जितका श्वास खोल तितक्या गोळ्या वर. "ओढा मामा."

मास्तरांनी ओढलं. पहिली गोळी थरथरली आणि बसली. दुसरीने तर मान वर करून पाहिलंही नाही. मी जीव तोडून ओढत होतो, पण कॅनव्हासपुढे माझं काय चालणार?

"अजून एकदा."

गोळी हलली. बसली. मास्तरांचे डोळे पाण्याने भरले. दुखलं म्हणून की हरले म्हणून, ते मला कळलं नाही.

"आधी पट्टा काढा ना हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. मास्तरांनी नळी तोंडात ठेवूनच दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या गोळ्यांकडे पाहिलं. मग त्या भिंतीकडे गेल्या आणि खिळ्यावरून मोठी कात्री उतरवली.

मास्तरांचे डोळे विस्फारले. तोंडात नळी, त्यामुळे बोलता येईना. मास्तरीणबाई शांतपणे येऊन समोर उभ्या राहिल्या. भाचीच्या त्या खेळण्याचं रिकामं खोकं टेबलावर होतं. जाड पुठ्ठ्याचं. त्यांनी ते उचललं, मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि मोठ्या कात्रीने, त्या मोठ्या कात्रीने, पुठ्ठा करकर कापायला सुरुवात केली.

मास्तरांचे दोन्ही हात पट्ट्यावरून सुटून कात्रीकडे धावले. त्याच क्षणी बाईंनी पुठ्ठा टाकला, कात्रीचं खालचं पातं पट्ट्याच्या आत सरकवलं आणि खालपासून वरपर्यंत, कॅनव्हास, बुकरम, दुहेरी दोरा, सगळं एका दमात उभं चिरलं.

काय सांगू तुम्हाला! पट्टा दोन बाजूंना पडला, मास्तरांना बसला जन्मातला सगळ्यात मोठा धक्का, आणि त्यांनी जो श्वास आत ओढला, तो मी ओढला! मी सपाट झालो. बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर उचलल्या गेल्या. खिशात हात घालणारे ते तिरके धागे असे ओढले गेले की वर्षानुवर्षांचा आळस झटकला गेला. तिन्ही गोळ्या टण्णकन वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. तळमजल्यावर वारा सुटला.

"हे काय केलंस!" मास्तर गरजले. पूर्ण वाक्य, न तुटता, गल्लीच्या टोकापर्यंत. आणि लगेच खोकला आला. भाचीने पटकन छातीशी उशी धरायला दिली. तो खोकला मी, पोटाचे स्नायू, बरगड्यांचा आतला थर, सगळ्यांनी मिळून दिला. दुखलं, खूप दुखलं. पण पाय पसरून बसलेला पाहुणा उठला आणि बाहेर पडला.

खोकला थांबला. भाची हसू दाबत होती. मास्तरीणबाईंच्या हातात अजून कात्री होती.

"पुठ्ठा?" मास्तर म्हणाले. "माझ्या कात्रीने पुठ्ठा?"

"तुम्हीच सांगता ना," त्या म्हणाल्या, "प्रत्येकाचं एक काहीतरी असतं म्हणून. तुमचं मला ठाऊक नसणार का? धार गेली तर लावून आणता येईल. तुम्हाला कुठून आणू?"

मास्तरांनी श्वास सोडला. सगळा. त्या वेळी कुणी टेप लावली असती तर अगदी खरं माप मिळालं असतं.

ताप उतरला. बरगडी जुळली, कुणी न शिवता, आपोआप. तिथे हाताला छोटीशी गाठ लागते. मास्तर तिला 'कच्ची शिवण' म्हणतात. डोंगर फळं घेऊन भेटायला आले तेव्हा मास्तर इस्त्रीच्या टेबलामागून बोलले आणि जाईपर्यंत टेबलामागेच राहिले.

मधल्या काळात हात उचलायला मनाई होती आणि दुकानात कोट खोळंबलेले. एके सकाळी मास्तरांनी खिळ्यावरची कात्री काढली, तिची धार अंगठ्यावर पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मूठ पुढे करून बायकोला दिली. "त्या दिवशी कॅनव्हास सरळ कापलास," ते म्हणाले. "रेघ नव्हती मारलेली, तरी सरळ." आमच्या मास्तरांकडून याहून मोठं कौतुक होत नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या आत राहतो, मला माहीत आहे.

आता कापणी मास्तरीणबाई करतात. आणि कापताना त्या श्वास रोखत नाहीत, गुणगुणतात! त्यांच्या बरगड्यांखालच्या माझ्या भाऊबंदाचा मला हेवा वाटतो.

तर मंडळी, तुमच्याही आत माझ्यासारखा एक आहे. त्याला मिठाई नको, पदक नको. दिवसातून थोडा वेळ ताठ बसा, पट्टा एक घर सैल करा, आणि श्वास असा घ्या की तो खालपर्यंत येऊन त्याला भेटेल. आणि कुणाला मिठी मारायची असेल तर जरूर मारा, पण समोरच्याच्या बरगड्या मोजून मारा.

आता रजा द्या. बाईंनी नवं काळं कापड पसरलंय. कात्री उचलली. मास्तर खुर्चीत पुढे सरकले, श्वास रोखला त्यांनी, मला कळलं. "अगं, जरा डावीकडून घे. ती बाही... उच्क्! ती बाही जरा... उच्क्!"

मी काही मुद्दाम करत नाही हो.

बाईंनी कात्री थांबवली नाही, मानही वर केली नाही. डाव्या हाताने फक्त पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"कळलं," त्या म्हणाल्या.